नाना शहात्तरचे आहेत, म्हणजे नेमकं काय?

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत): भांडुपच्या एका वाचक ताईंचे वडील, म्हणजे घरातल्या सगळ्यांचे नाना, ७६ वर्षांचे आहेत. शाळामास्तर म्हणून निवृत्त झाले. दिवाळीपासून त्यांचं जेवण कमी झालं. दोन घास खाल्ले की पोट गच्च. ‘वय झालं, भूक मंदावतेच’ म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. वजन नऊ किलो उतरलं, हिमोग्लोबिन ८ वर आलं, तेव्हा एंडोस्कोपी झाली. जठराच्या खालच्या टोकाला गाठ दिसली आणि बायोप्सीत कॅन्सर निघाला. सीटी स्कॅनमध्ये तो लांब कुठे पसरलेला दिसत नाही. सर्जन म्हणतात, आधी केमोच्या चार फेऱ्या, मग ऑपरेशन, मग पुन्हा चार फेऱ्या. ताईंच्या थोरल्या भावाला हे मान्य नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांचा मावसभाऊ ३७ व्या वर्षी याच रोगाने सात महिन्यांत गेला. त्याला केमोला नेणं-आणणं या भावानेच केलं होतं. तो म्हणतो, ‘तो तरणाबांड टिकला नाही, नाना काय टिकणार? आणि म्हातारपणी कॅन्सर सावकाशच वाढतो. आहेत ते दिवस सुखाने जाऊ देत.’ गावचे काका म्हणतात, पिकलं पान आहे, वैद्यांचं औषध द्या. नानांना ‘अल्सर आहे’ एवढंच सांगितलंय. ताईंना उपचार करावेसे वाटतात, पण काही बरंवाईट झालं तर दोष आपल्या माथी येईल ही धास्ती आहे. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘मलाही दोन वर्षं ॲसिडिटी आहे. मी ४६ वर्षांची. आमच्या घराण्यातच हे आहे का?’

ताई,

शेवटची ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीय. मी तिच्यावर जाता जाता उत्तर देणार नाही, पण आधी नानांचं बघू.

मी डॉक्टर नाही, हे माहीत असू द्या. एका मोठ्या रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात माझी नोकरी झाली आणि कॅन्सरच्या वॉर्डाबाहेरच्या बाकांवर तुमच्यासारख्या घरांशी बोलण्यात बरीच वर्षं गेली. नानांचे उपचार त्यांचे डॉक्टर ठरवतील. डॉक्टरांना काय विचारायचं आणि घरात कुणी काय गृहीत धरलंय, एवढ्यावर मी बोलू शकते. तुमच्या घरात तीन गोष्टी गृहीत धरल्या गेल्यात आणि तिन्ही जरा तपासून घ्यायला हव्यात.

पहिली, मावसभाऊ आणि नाना यांना एकच रोग झाला. नाव एक आहे, हे खरं. पण १९६५ साली फिनलंडच्या पेक्का लॉरेन या विकृतिशास्त्रज्ञाने जठराच्या कॅन्सरचे दोन मुख्य प्रकार वेगळे केले आणि डॉक्टर आजही ती विभागणी वापरतात. एकाला इंटेस्टिनल म्हणतात, दुसऱ्याला डिफ्यूज. इंटेस्टिनल प्रकार जास्त करून उतारवयात दिसतो. त्याच्यामागे बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची जुनी सूज असते. जठराचं अस्तर वर्षानुवर्षं सुजत राहतं, मग झिजतं, मग पेशींचं रूप बदलत जातं. या सगळ्याला दशकं लागतात, म्हणून वय वाढलेलं असतं. अशा कॅन्सरची बहुधा एका जागी नीट गाठ बनते आणि एंडोस्कोपीत ती डोळ्यांना दिसते.

डिफ्यूज प्रकार तरुणांमध्ये, आणि त्यातही तरुण बायकांमध्ये, तुलनेने जास्त आढळतो. यात पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत. सुट्या सुट्या होऊन अस्तराच्या खालून पसरत जातात. जठराची भिंत जाड आणि ताठ होते, वरून मात्र अस्तर बऱ्यापैकी ठीक दिसू शकतं, त्यामुळे कधी कधी बायोप्सीतही हाती काही लागत नाही. शिवाय हा प्रकार पोटाच्या आतल्या आवरणावर, पेरिटोनियमवर, पसरण्यात पटाईत. तुम्ही लिहिलंय की मावसभावाच्या पोटात पाणी झालं होतं आणि त्याचं ऑपरेशन झालंच नाही. त्याच्या रिपोर्टमध्ये ‘सिग्नेट रिंग’ (अंगठीसारख्या दिसणाऱ्या पेशी, या प्रकाराची खूण) असे शब्द असतील तर मला नवल वाटणार नाही, पण हा माझा अंदाज झाला. रिपोर्ट शोधा. तो पुढे लागणार आहे.

त्याच्या बाबतीत आणखी एक घडलं, जे तरुणांच्या बाबतीत नेहमी घडतं. आठ महिने तो केमिस्टकडून पॅन्टोप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी घेत होता. सदतीस वर्षांचा माणूस, घाटकोपर ते चर्चगेट रोजची धावपळ, दुपारचं जेवण कधी तीनला तर कधी वडापाववर. पोटात जळजळ झाली तर कॅन्सर कुणाच्या मनात येणार? त्याच्याही आलं नाही, डॉक्टरांच्याही नाही. त्या वयात शंभरातल्या जवळजवळ सगळ्यांना खरोखर साधी ॲसिडिटीच असते, त्यामुळे कुणाला बोल लावता येत नाही. परिणाम मात्र असा, की तरुण रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोचतो तेव्हा रोग बरेचदा शेवटच्या टप्प्यात गेलेला असतो. एकाच टप्प्यावर सापडलेले तरुण आणि वयस्कर रुग्ण शेजारी शेजारी ठेवले, तर तरुणांची गत वाईट नसते, उलट बरेचदा थोडी बरी असते. मावसभाऊ गेला तो उशिरा सापडलेल्या रोगाने. म्हणून ‘तो गेला, मग नाना कसे टिकतील’ हा हिशेब जुळत नाही. नानांचा रोग, आजवर जे दिसलंय त्यावरून, ऑपरेशन करता येण्याजोगा आहे. त्याचा तसा नव्हता.

दुसरी समजूत, म्हातारपणी कॅन्सर सावकाश वाढतो. हे वाक्य मी वॉर्डाबाहेर इतक्यांदा ऐकलंय, की त्याचा उगम कुठे असेल याचं मला कुतूहल आहे. प्रोस्टेटच्या काही कॅन्सरांत ते बऱ्याच अंशी खरं आहे, बहुधा तिथूनच पसरलं असावं. जठराच्या कॅन्सरला ते लावता येत नाही. आणि नानांची गाठ आहे कुठे? जठराच्या खालच्या टोकाला, जिथून अन्न आतड्यात उतरतं. ती वाढली की वाट बंद होते. मग खाल्लेलं पुढे जात नाही, संध्याकाळी सकाळचं जेवण उलटून पडतं. गाठीतून रक्त झिरपत राहतं, हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा उतरतं. काहीच न करणं आणि सुखात ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भावाशी बोलताना पहिल्यांदा मांडा. मोठे उपचार नाकारायचे ठरले तरी वाट मोकळी ठेवायला स्टेंट (आत बसवायची जाळीची नळी) किंवा गाठीला वळसा घालून जठर आतड्याला जोडायचं बायपासचं ऑपरेशन, रक्तस्राव थांबवायला रेडिएशनचे मोजके डोस, वेदनेसाठी मॉर्फिन, असं बरंच काही करावं लागतं. त्यासाठी पॅलिएटिव्ह विभागाशी, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या विभागाशी, पहिल्यापासून ओळख हवी. शेवटच्या आठवड्यात धावपळ करून ती होत नाही.

तिसरी समजूत सगळ्यात खोल रुजलेली, शहात्तर म्हणजे शहात्तर. तुम्हीच लिहिलंय की गेल्या वर्षापर्यंत नाना तीन मजले चढून यायचे, सकाळी स्टेशनजवळून भाजी आणि पेपर आणायचे आणि शेजारच्या मुलांचं गणित घ्यायचे. बीपीची गोळी आहे, सात वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय. गेल्या महिन्यात दोनदा बाथरूममध्ये तोल गेला. आता हे सगळं एकत्र ठेवून बघा. हिमोग्लोबिन ८ असताना आणि नऊ किलो वजन गेल्यावर कुणाचाही तोल जाईल. शिरेतून लोह किंवा रक्त देऊन, पोटात नीट अन्न घालून, दोन-तीन आठवड्यांनी हाच माणूस कसा दिसतो, ते बघितल्याशिवाय ‘झेपणार नाही’ म्हणणं घाईचं आहे. ‘झेपेल’ म्हणणंही तितकंच घाईचं, आणि हे मी तुम्हाला उद्देशून म्हणतेय.

वयाचा काहीच संबंध नसतो, असं मात्र मी म्हणणार नाही. मूत्रपिंडं जुनी होतात, त्यामुळे केमोची औषधं शरीरात जास्त वेळ राहतात. पांढऱ्या पेशी उतरल्या की सावरायला उशीर लागतो. मोठ्या ऑपरेशननंतर न्यूमोनिया, हृदयाच्या तक्रारी आणि भ्रम होण्याची शक्यता वाढते. ऑपरेशननंतरच्या दिवसांत जिवाला असलेला धोकाही तरुणापेक्षा जास्त असतो. सर्जनना थेट विचारा, नानांसारख्या रुग्णांची अशी ऑपरेशनं तुमच्याकडे वर्षाला किती होतात? ही ऑपरेशनं नेहमी होतात त्या ठिकाणी निकाल बरे असतात. हा प्रश्न विचारला म्हणून चांगला सर्जन रागावत नाही.

एक गोष्ट नानांच्या बाजूची आहे. गाठ खालच्या टोकाला असल्यामुळे बहुधा संपूर्ण जठर काढावं लागणार नाही, वरचा भाग ठेवता येईल. अख्खं जठर काढलेल्या माणसाला घासभर घासभर करत सहा वेळा जेवावं लागतं, जेवणानंतर घाम आणि चक्कर येऊ शकते आणि बी-१२ चं इंजेक्शन जन्मभर घ्यावं लागतं. अर्धं राहिलं तरी पथ्यं असतात, पण जगणं सोपं जातं.

आता वय आणि ताकद यांतला फरक मोजायचा कसा? यासाठी खास तपासणी आहे, तिला जेरियाट्रिक असेसमेंट म्हणतात. खुर्चीतून उठून थोडं चालून परत बसायला किती वेळ लागतो, गेल्या काही महिन्यांत किती वेळा पडले, स्मरणशक्ती कशी आहे, दिवसाला किती गोळ्या घेतात, मन उदास आहे का, घरी काळजी घ्यायला कोण आहे, हे सगळं त्यात बघतात. ऐकायला किरकोळ वाटतं. पण २०२१ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात, सत्तरीपुढच्या बऱ्या न होणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांची अशी तपासणी करून तिचे निष्कर्ष डॉक्टरांच्या हाती दिले, तेव्हा उपचारांचे गंभीर दुष्परिणाम ७१ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर आले आणि आयुष्य काही त्यामुळे कमी झालं नाही. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये वयस्कर रुग्णांसाठी अशी वेगळी ओपीडी आहे. नानांचे उपचार कुठेही करा, केमो सुरू होण्याआधी ही तपासणी मागून घ्या. तुमचा आणि भावाचा वाद आज दोन भीतींमधला आहे. तपासणीचा कागद समोर आला की निदान बोलायला काहीतरी ठोस मिळेल.

सर्जननी सुचवलेली केमो बहुधा ‘फ्लॉट’ असावी. चार औषधं, दर दोन आठवड्यांनी एक फेरी, ऑपरेशनआधी चार आणि नंतर चार. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत, आधीच्या पद्धतीवर उपचार झालेल्यांपैकी निम्मे रुग्ण ३५ महिन्यांहून जास्त जगले होते, तर ‘फ्लॉट’चे निम्मे रुग्ण ५० महिन्यांहून जास्त. पण त्याच चाचणीत ‘फ्लॉट’च्या निम्म्याहून कमी रुग्णांना सगळ्या आठ फेऱ्या पूर्ण करता आल्या. म्हणजे धडधाकट माणसंही वाटेत थांबतात. नानांना पूर्ण ‘फ्लॉट’ झेपेल का, दोन औषधांची हलकी केमो द्यावी का, की आधी ऑपरेशन करून मग प्रकृती बघून ठरवावं, हे तिन्ही मार्ग डॉक्टर वापरतात. ते तिन्ही समोर मांडून घ्या. तुमच्या पत्रात एकीकडे ‘सगळं’ आहे आणि दुसरीकडे ‘काहीच नाही’. मधल्या वाटांचा उल्लेखही नाही.

कमी डोस म्हणजे मनाची समजूत, असं भाऊ म्हणेल. ब्रिटनमधल्या ‘जीओटू’ चाचणीत अन्ननलिका आणि जठराच्या कॅन्सरचे ५१४ रुग्ण होते. सगळे वयस्कर किंवा अशक्त, मधलं वय नेमकं ७६. त्यांना केमोचे तीन वेगवेगळे डोस दिले. सगळ्यात कमी, म्हणजे सुमारे ६० टक्के डोस घेणाऱ्यांचा रोग इतरांपेक्षा लवकर वाढला नाही आणि त्यांचे दिवस मात्र बरे गेले. ते रुग्ण पसरलेल्या रोगाचे होते, नानांचं तसं नाही. त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा उचलता येणार नाही, बरं करण्याच्या मार्गावर डोसचं गणित वेगळं असतं. पण डोस कमी करता येतो आणि तो दुबळा उपचार ठरतोच असं नाही, एवढं यातून घ्या.

डॉक्टरांना आणखी दोन गोष्टी विचारा. एक, मोठे उपचार सुरू करण्याआधी पोटावर छोटं छिद्र पाडून दुर्बिणीने आत बघणार का? पेरिटोनियमवरचे बारीक ठिपके सीटीत निसटतात. ते असतील तर सगळा बेत बदलतो, आणि मग भावाच्या म्हणण्याला वजन येतं. दोन, बायोप्सीच्या तुकड्यावर एमएसआय (पेशींची डीएनए दुरुस्त करण्याची यंत्रणा बिघडल्याची खूण) आणि एचईआर-टू (काही गाठींवर जास्त असणारं एक प्रथिन) या तपासण्या झाल्यात का? एमएसआयचा दोष असलेल्या गाठी उतारवयात आणि जठराच्या खालच्या भागात जास्त सापडतात. त्यांचं भवितव्य तुलनेने चांगलं असतं, नेहमीच्या केमोचा त्यांना फारसा उपयोग होतो का याबद्दल शंका आहे, आणि इम्युनोथेरपीला, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणाऱ्या औषधांना, त्या चांगला प्रतिसाद देतात. ती औषधं लाखांच्या घरातली आहेत. तरी नानांची गाठ त्या जातीची असेल तर ते चार फेऱ्या घेण्याआधी कळायला हवं, नंतर नाही.

काकांच्या वैद्यांबद्दल थोडक्यात सांगते. जे काही द्याल ते केमोच्या डॉक्टरांना दाखवून द्या. भस्मं आणि काढे यकृतावर आणि मूत्रपिंडावर काय करतील, याचा अंदाज केमो चालू असताना कुणालाच नसतो.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. इतका वेळ मी ‘तुम्ही ठरवा’, ‘भावाशी बोला’ म्हणत आले, कारण तुमचं पत्रच तसं आहे. त्यात तुम्ही आहात, भाऊ आहे, काका आहेत, सर्जन आहेत. नाना कुठेच नाहीत. ज्या माणसाने आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या त्याला स्वतःची फाइल वाचता येत नाही, असं आपण धरून चाललोय. त्यांना अल्सर सांगितलाय. अल्सरसाठी केमोला नेणार कसं? ती कुठल्याही रुग्णालयात घ्या, केमोच्या वॉर्डात शेजारच्या खुर्चीवरचा माणूस पहिल्याच दिवशी विचारतो, ‘काका, तुम्हाला कुठला?’ संमतीच्या कागदावर त्यांची सही लागेल. आणि माझा अनुभव असा, की घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बहुतेक वेळा कळलेलं असतं. मुलं लपवतात म्हणून तोही लपवतो. मग एकाच खोलीत सगळे नाटक करत बसतात.

एकदम सगळं सांगून टाका, असं मी म्हणत नाही. आधी त्यांना किती हवंय ते विचारा. भाऊ आणि तुम्ही दोघं बसा, टीव्ही बंद करा, घरात पाहुणे नसताना. ‘नाना, रिपोर्टमध्ये काय आहे असं तुम्हाला वाटतं?’ इथून सुरुवात करता येते. पुढे ‘डॉक्टर जे सांगतील ते तुम्हाला सगळं ऐकायचंय, की आम्ही ऐकून मोजकं सांगू?’ नाना म्हणाले, ‘तुम्ही बघा, मला त्यात पाडू नका,’ तर तोही त्यांचाच निर्णय आहे आणि तो मानायचा. पण बहुतेक मास्तर मंडळी असं म्हणत नाहीत. मग विचारा, त्यांना सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते? कशासाठी त्रास सोसायची तयारी आहे आणि काय अजिबात नको? कुणी म्हणतं, नातीचं लग्न बघायचंय, त्यासाठी काहीही करा. कुणी म्हणतं, मला शेवटी नळ्या नकोत. दोन्ही उत्तरं डॉक्टरांना सांगा, त्यांनाही उपयोग होतो. काही झालं तर दोष कुणाच्या माथी, या तुमच्या धास्तीवरही मला यापेक्षा बरं उत्तर माहीत नाही. नानांनी ऐकून, समजून जे निवडलं ते पाळलं, तर दोष शोधायला फार जागा उरत नाही.

भावावर चिडू नका. मावसभावाला उलट्या होताना त्याने सांभाळलंय, तुम्ही नाही. तो बोलतो त्यात कंजूषी नाही की निष्काळजीपणा नाही. त्याने डोळ्यांनी जे पाहिलं ते त्याला नानांच्या बाबतीत पुन्हा बघायचं नाहीये. पुढच्या भेटीला त्याला बरोबर न्या आणि त्यालाच पहिला प्रश्न विचारू द्या. उलट्या थांबवणारी औषधं आता आधीपासून आणि नीट दिली तर बराच फरक पडतो, हे त्याने डॉक्टरांच्या तोंडून ऐकावं.

उपचार करायचे ठरले, तर ऑपरेशनआधीचे आठवडे नुसती वाट बघण्यात घालवू नका. आहारतज्ज्ञांना भेटा. नानांना एका वेळी जास्त जात नाही, तर दर दोन तासांनी थोडं थोडं द्या: अंडं, पनीर, मऊ मूगडाळ, नाचणीची आंबील दुधातली, जमत असेल तर मासा. रिकामा चहा कमी करा, त्याने पोट भरतं आणि मिळत काही नाही. तीन चेंडूंचं, श्वास आत ओढायचं यंत्र केमिस्टकडे मिळतं, त्याचा सराव आधीपासून केला तर ऑपरेशननंतर छातीत कफ साठण्याची शक्यता कमी होते. गॅलरीत का होईना, रोज चालायला लावा. मिश्री, तपकीर, विडी यांपैकी काही असेल तर आजच बंद. ऑपरेशननंतर चष्मा आणि कानाचं यंत्र उशाशी ठेवा आणि रात्री घरचं ओळखीचं माणूस जवळ राहील असं बघा. म्हातारी माणसं अतिदक्षता विभागात रात्री गोंधळतात, मुलांना ओळखत नाहीत, सलाइन ओढतात. बहुतेकांचं ते काही दिवसांत निवळतं. आधी माहीत असलं तर तुम्ही घाबरणार नाही.

पैशांचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण हे पत्र वाचणाऱ्या बऱ्याच जणांना तो प्रश्न असेल. सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं आणि त्यावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. दोन्ही फक्त यादीतल्या रुग्णालयांत चालतात, तेव्हा दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) भेटून यादी आणि पॅकेज बघा. मुंबईबाहेरून येणाऱ्यांनी परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा इथे राहण्याची चौकशी करावी, जागेसाठी रुग्णालयाची चिठ्ठी लागते.

आता तुमचं.

‘आमच्या घराण्यात आहे का?’ याचं उत्तर एका वाक्यात नाही. मावसभाऊ तुमच्या आईकडचा. नानांचं आणि त्याचं रक्ताचं नातं नाही. त्यामुळे ही एका घराण्यातली माळ नाही, ते दोन वेगळे धागे आहेत आणि दोन्ही वेगळे तपासायचे.

नानांच्या बाजूने बघायचं तर सख्ख्या नात्यात जठराचा कॅन्सर असला की तुमचा धोका काहीसा वाढतो. त्याचं एक कारण जनुकांत असू शकतं, दुसरं साधं आहे: एकाच घरात वाढलेल्यांना लहानपणी तोच जंतू लागलेला असतो. आपल्याकडे हेलिकोबॅक्टर निम्म्याहून जास्त प्रौढांच्या पोटात आहे आणि त्यातल्या बहुतेकांना कधीच कॅन्सर होत नाही. पण वडिलांना झालाय, तेव्हा तुमचा आणि भावाचा तपास व्हायला हवा. दक्षिण कोरियातला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांना हा जंतू घालवायची औषधं दिल्यावर पुढच्या काही वर्षांत जठराचा कॅन्सर १.२ टक्के लोकांना झाला, ज्यांना नुसत्या दिखाऊ गोळ्या दिल्या त्यांच्यात २.७ टक्के. अँटिबायोटिक्सचा दोनेक आठवड्यांचा कोर्स असतो आणि तो मधे सोडायचा नसतो.

मावसभावाच्या बाजूने बघायचं तर पन्नाशीच्या आत डिफ्यूज प्रकार झाला असेल, तर सीडीएच-वन या जनुकाची तपासणी सुचवली जाते. १९९८ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात, जिथे पिढ्यानपिढ्या तरुण माणसं या रोगाने जात होती, हा दोष पहिल्यांदा सापडला. तो दुर्मीळ आहे. पण मावशीकडे आणखी कुणाला जठराचा कॅन्सर किंवा बायकांमध्ये स्तनाचा, विशेषतः लोब्युलर (दूध तयार करणाऱ्या ग्रंथींत सुरू होणाऱ्या) प्रकारचा, झालाय का ते विचारा. त्याचा रिपोर्ट घेऊन त्याच्या सख्ख्या भावंडांनी जनुकीय समुपदेशकाला भेटावं. तुमच्याआधी त्यांनी. त्यांच्यात काही निघालं, तरच पुढे तुमच्या आईचा आणि मग तुमचा नंबर येतो.

आणि तुमची ॲसिडिटी. ती ॲसिडिटीच असण्याची शक्यता खूप जास्त आहे. पण ४६ वर्षं वय, दोन वर्षांची तक्रार आणि वडिलांना कॅन्सर हे एकत्र आल्यावर एंडोस्कोपी करून घ्यायला पुरेसं कारण आहे. रोजच्या गोळीने लक्षणं दबतात, कारण तसंच राहतं. वजन उतरणं, काळी शौच, गिळताना अडकणं, लवकर पोट भरणं, वारंवार उलटी किंवा कारण नसताना रक्त कमी होणं, यातलं काही असेल तर या आठवड्यातच जा. नसेल तर या महिन्यात. तारीख घेतानाच विचारा, गोळी किती दिवस आधी थांबवायची. जंतूच्या तपासणीआधी साधारण दोन आठवडे ती बंद ठेवतात, नाहीतर जंतू असूनही निकाल ‘नाही’ येतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. नानांचं मार्गी लागल्यावर बघू, म्हणून तारीख पुढे ढकलू नका. त्यांचं मार्गी लागायला सहा-आठ महिने जातील, आणि भावालाही त्याच आठवड्यातली तारीख घ्यायला लावा.